बजेट एअरलाइनमध्ये बेस कसा मिळतो आणि नंबर कसा लागतो : मुंबईच्या नव्या वैमानिकांसाठी

बारामती, धुळे, गोंदिया किंवा परदेशातून सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) घेऊन आलेली मुलंमुली भेटतात तेव्हा पहिला प्रश्न सहसा पगाराचा नसतो. "सर, मुंबई बेस मिळेल ना?", म्हणजे नेमणूक मुंबईत होईल ना, हाच असतो. आईवडील सोबत असले तर तेही हेच विचारतात. प्रशिक्षणासाठी डोक्यावर मोठं कर्ज झालेलं असतं, निदान मूल घरी राहून नोकरी करील एवढी त्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे.

उत्तर दोन गोष्टींवर ठरतं. कंपनीची विमानं रात्री कुठे मुक्कामाला असतात, आणि कंपनीच्या सिनिऑरिटीच्या (ज्येष्ठतेच्या) यादीत तुमचा नंबर कितवा आहे. या दोन्हींची चौकशी ऑफर लेटरवर सही करण्याआधी करता येते, पण बहुतेक जण ती बेस लेटर हातात पडल्यावर करतात. तोवर बाँडवर, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या करारावर, सही झालेली असते. मी आज मुंबई बेसवर एअरबस ए३२० उडवतो आणि त्याआधी काही वर्षं दुसऱ्या शहरात काढली आहेत. त्या अनुभवातून, आणि सहकाऱ्यांचं पाहून, नव्याने येणाऱ्यांनी कुठल्या क्रमाने काय करावं ते इथे लिहितो. प्रत्येक कंपनीचं धोरण थोडं वेगळं असतं आणि ते बदलतही राहतं, म्हणून इथलं वाचून झालं की तुमच्या कंपनीच्या धोरणपत्रात काय लिहिलंय ते स्वतः वाचा.

पायरी १ : बेस म्हणजे नेमकं काय ते समजून घ्या

डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) ड्युटी आणि विश्रांतीच्या नियमांत, म्हणजे ज्यांना आपण सगळे एफडीटीएल म्हणतो त्यांत, होम बेसचा अर्थ ठरलेला आहे. कंपनीने नेमून दिलेलं असं ठिकाण, जिथे तुमची ड्युटी एरवी सुरू होते आणि संपते, आणि जिथे तुमच्या राहण्याची सोय करणं कंपनीवर बंधनकारक नसतं. हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे. बेसवर घर तुमचं, भाडं तुमचं. बेसबाहेर मुक्काम पडला तर हॉटेल कंपनीचं.

बजेट एअरलाइनची गणितं इथूनच सुरू होतात. हॉटेलची प्रत्येक खोली हा खर्च आहे, म्हणून शक्य असेल तिथे क्रूने सकाळी बेसवरून निघावं, तीन-चार सेक्टर (म्हणजे उड्डाणं) करावेत आणि परत बेसवर उतरून घरी जावं अशी रचना केलेली असते. लेओव्हर, म्हणजे बेसबाहेरचे मुक्काम, असतातच, पण ते नाइलाजाने किंवा वेळापत्रकाच्या सोयीने. त्यामुळे वैमानिक कुठे लागतील हे विमानं रात्री कुठे उभी राहतात यावर ठरतं. पहाटेची पहिली उड्डाणं जिथून निघतात, तिथे क्रू हवा.

ए३२० किंवा ७३७ सारखं एक विमान आठवडाभर दिवसरात्र चालवायचं तर ढोबळमानाने डझनभर वैमानिक लागतात. बेसवर एक विमान वाढलं की तेवढ्या जागा निघतात, आणि एक विमान दुसऱ्या शहरात हलवलं की तेवढ्या आटतात. तुमची इच्छा, घरची अडचण, एचआरमधल्या मॅडमची सहानुभूती, हे सगळं यानंतर येतं.

पायरी २ : मुंबईची रांग का लांब आहे ते पाहा

मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. दिल्लीला चार धावपट्ट्या आहेत, बंगळुरूला दोन समांतर. मुंबईत नवा स्लॉट, म्हणजे विमान उतरायची-उडायची ठरलेली वेळ, मिळणं कठीण, आणि विमान रात्री उभं करायला जागा मिळणं त्याहून कठीण. विमानतळाच्या चारही बाजूंना शहर दाटलेलं आहे, तो वाढणार कुठे? म्हणून कंपनीने शंभर नवी विमानं मागवल्याची बातमी आली तरी त्यातली मुंबईत किती मुक्कामाला येतील हा प्रश्न वेगळा, आणि तुमच्यासाठी तोच खरा.

दुसरं कारण माणसांचं आहे. जेट एअरवेजचं मुख्यालय मुंबईत होतं, ती एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. गो फर्स्टही मुंबईची, तिची उड्डाणं मे २०२३ मध्ये थांबली. या दोन्ही कंपन्यांतल्या कितीतरी वैमानिकांची घरं, मुलांच्या शाळा, म्हातारे आईवडील इथेच आहेत. ते दुसऱ्या कंपन्यांत गेले आणि तिथल्या मुंबईच्या रांगेत उभे राहिले. तुम्ही त्यांच्यामागे आहात.

आता चांगली बातमी. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. सध्या तिथे एकच धावपट्टी आहे, पण विमानं उभी करायला जागा आहे, आणि मुंबईच्या रांगेत पुढच्या काही वर्षांत हालचाल झाली तर ती उलव्याच्या त्या विमानतळामुळेच होईल असं माझं मत आहे. मुलाखतीत प्रश्न विचारायची संधी मिळाली तर हे जरूर विचारा की नवी मुंबईत कंपनीची विमानं रात्री मुक्कामाला राहणार आहेत का, की फक्त येऊन-जाऊन राहणार आहेत. पहिल्या उत्तरात तुमची नोकरी आहे.

कंपनीचं मुख्यालय कुठे आहे यावरून मात्र अंदाज बांधू नका. अकासाचं मुख्यालय मुंबईत आहे, इंडिगोचं गुरुग्रामला. त्याचा तुमच्या बेसशी थेट संबंध नाही.

पायरी ३ : तुमचा नंबर कशावरून ठरतो ते विचारा

इथे बऱ्याच मुलांचा गोंधळ होतो, आणि त्याला अमेरिकन वैमानिकांचे व्हिडिओ कारणीभूत आहेत. तिकडे युनियनशी झालेल्या करारांमुळे सिनिऑरिटी नंबर जवळपास सगळं ठरवतो. कुठला बेस, कुठलं विमान, महिन्याचं कुठलं वेळापत्रक, कुठली सुट्टी, सगळं बोली लावून आणि नंबरानुसार. आपल्याकडे तसं नाही. डीजीसीए तुमचं लायसन्स, मेडिकल, तास आणि विश्रांती पाहते. सिनिऑरिटी कशी मोजायची हे कंपनी ठरवते. महिन्याचं रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) बहुतांशी सॉफ्टवेअर बनवतं, काही कंपन्यांत थोडीफार पसंती कळवता येते, एवढंच.

मग नंबर कशावरून? बहुतेक ठिकाणी रुजू होण्याच्या तारखेवरून. पण एकाच दिवशी रुजू झालेल्या अख्ख्या बॅचमध्ये क्रम कसा लावायचा यासाठी कुणी वय धरतं, कुणी सीपीएल मिळाल्याची तारीख, कुणी प्रशिक्षणातले गुण. आणि काही ठिकाणी रुजू होण्याची तारीख नावापुरती असते, खरा क्रम लागतो तो लाइन रिलीज झाल्याच्या, म्हणजे प्रशिक्षण संपून नेहमीच्या उड्डाणांसाठी मोकळं झाल्याच्या, तारखेवरून. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, प्रत्यक्षात मोठा असतो.

समजा मानसी आणि स्वप्नील एकाच दिवशी, एकाच बॅचमध्ये रुजू झाले. ग्राउंड क्लासेस एकत्र झाले. मानसीचा सिम्युलेटर स्लॉट ठरल्या वेळी लागला. स्वप्नीलच्या क्लास वन मेडिकलची (वैमानिकाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची) मुदत मध्येच संपत होती, नव्या तपासणीत रक्ताचा एक रिपोर्ट पुन्हा मागवला, आणि स्लॉट हुकला. पुढचा मिळेपर्यंत दीड महिना गेला. मग विमानतळाचा प्रवेश पास अडकला, कारण पोलीस पडताळणी जुन्या पत्त्यावर गेली होती. तोवर मागून आलेली बॅच सुपरवाइज्ड लाइन फ्लाइंग (प्रशिक्षकाच्या देखरेखीखालची प्रवासी उड्डाणं) संपवून रिलीज झाली. रुजू तारखेची पद्धत असेल तर स्वप्नीलचं काहीच बिघडलं नाही. लाइन रिलीजची पद्धत असेल तर अख्खी एक बॅच त्याच्या पुढे गेली, आणि तेवढीच माणसं मुंबईच्या रांगेतही पुढे गेली.

म्हणून रुजू होण्याआधी मेडिकलला भरपूर मुदत शिल्लक आहे ना ते पाहा. आधार, पासपोर्ट आणि प्रत्यक्ष राहता पत्ता एकच करून घ्या. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी नोंदणीकृत करारनामा हाताशी ठेवा. डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवरची तुमची माहिती आणि लॉगबुकातले तास जुळतात का ते तपासा. यातलं एकही काम अवघड नाही, पण यातल्या एका कामापायी मागे राहिलेली मुलं मी पाहिली आहेत.

आणखी एक प्रश्न लेखी विचारावा, विशेषतः मुलींनी: दीर्घ आजारपण, मातृत्व रजा किंवा बिनपगारी रजा घेतली तर नंबर आहे तिथेच राहतो का? लाइन रिलीजनंतर बहुतेकांचा राहतो, पण प्रशिक्षणाच्या काळात खंड पडला तर काय, हे प्रत्येक कंपनीत वेगळं असतं.

पायरी ४ : नंबर कुठे चालतो आणि कुठे नाही

चालतो तो बेस बदलीत, कमांड अपग्रेडमध्ये (म्हणजे कॅप्टन होण्यात), मोठ्या विमानावर जाण्याच्या संधीत आणि काही कंपन्यांत रजेच्या वाटपात. आणि वाईट दिवसांत, जेव्हा माणसं कमी केली जातात किंवा बिनपगारी रजेवर पाठवली जातात, तेव्हा यादीच्या तळाकडून सुरुवात होण्याची शक्यता जास्त. प्रशिक्षक किंवा चेक पायलटच्या (वैमानिकांची चाचणी घेणाऱ्याच्या) पदांसाठी मात्र नंबरापेक्षा तुमचा प्रशिक्षणाचा इतिहास आणि निवड प्रक्रिया जास्त मोजली जाते. रोजच्या रोस्टरमध्ये तर नंबर जवळपास दिसतच नाही. पहाटेची ड्युटी यादीतल्या पहिल्यालाही लागते आणि शेवटच्यालाही.

रँक आणि सिनिऑरिटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पक्कं ध्यानात ठेवा. दुसऱ्या कंपनीतून आलेला कॅप्टन पहिल्या दिवशी चार पट्ट्या लावून येतो, डाव्या सीटवर बसतो, तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त पगार घेतो. पण कंपनीच्या एकूण यादीत तो तुमच्याही खाली असू शकतो, कारण तो तुमच्यानंतर रुजू झाला. बरेच ठिकाणी कॅप्टनांची आणि फर्स्ट ऑफिसरांची (सहवैमानिकांची) यादी वेगळी ठेवतात, मग तुमची तुलना तुमच्याच रँकमधल्यांशी होते. तुमच्या कंपनीत एक यादी आहे की दोन, हे विचारून घ्या.

नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. कंपनी बदलली की रांगेत शेवटी. तासांची, अनुभवाची, टाइप रेटिंगची (विशिष्ट विमान उडवण्याच्या पात्रतेची) किंमत सोबत येते. नंबर येत नाही.

आणि दोन कंपन्या एकत्र झाल्या की? तेव्हा या यादीची खरी ताकद कळते. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचं विलीनीकरण २००७ मध्ये झालं. दोन्हीकडच्या वैमानिकांची ज्येष्ठता, वेतन आणि बढती कशी जुळवायची हा वाद वर्षानुवर्षं चालला. त्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली. बोइंग ७८७ च्या प्रशिक्षणाची संधी कुणाला, या प्रश्नावरून मे २०१२ मध्ये संप सुरू झाला तो जवळपास दोन महिने चालला. २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात आणि एआयएक्स कनेक्ट एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये विलीन झाली, तेव्हाही क्रू रूममध्ये पहिली चर्चा 'लिस्ट कशी लागणार' हीच होती. आपल्याकडच्या विमान कंपन्यांचा इतिहास पाहता तुमच्या कारकिर्दीत हे एकदा तरी घडेल असं धरून चाला, आणि तुमच्या रुजू होण्याचं पत्र, रिलीजचं पत्र, प्रत्येक बढतीचं पत्र यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. कंपनीच्या पोर्टलवर आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. पोर्टलही विलीन होतात.

पायरी ५ : सहीआधी कागद वाचा

ऑफर लेटरमध्ये एक ओळ असतेच असते: कंपनीच्या गरजेनुसार देशातल्या कुठल्याही बेसवर नेमणूक होऊ शकते. मुलाखतीत कुणी तोंडी 'मुंबईचं बघू' म्हणालं असेल तर त्या ओळीपुढे त्याला अर्थ नाही.

बाँडची रक्कम आणि मुदत पाहा, आणि ती मुदत कुठल्या तारखेपासून मोजतात तेही पाहा, रुजू झाल्यापासून की रिलीज झाल्यापासून. मग नोटीस. डीजीसीएने २०१७ मध्ये केलेल्या नियमानुसार को-पायलटला (फर्स्ट ऑफिसरला) सहा महिने आणि कमांडरला (कॅप्टनला) एक वर्ष नोटीस द्यावी लागते. 'इथे मुंबई मिळाली नाही तर दुसरीकडे जाऊ' असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब घालून पाहावा: बाँडची भरपाई, सहा महिन्यांची नोटीस, ना हरकत प्रमाणपत्र, आणि नव्या ठिकाणी पुन्हा तळापासून सुरुवात. नोटीस न देता निघून गेल्याचे वाद २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचले होते, तेव्हा तो मार्ग तर अजिबात धरू नका.

पायरी ६ : पसंतीचा फॉर्म विचार करून भरा

प्रशिक्षणाच्या काळात तुम्हाला बेस नसतो. ग्राउंड क्लासेस आणि सिम्युलेटर दिल्ली परिसरात, बंगळुरूला किंवा जिथे स्लॉट मिळेल तिथे होतात. त्याच सुमारास कधीतरी पसंतीचा फॉर्म येतो, साधारणपणे तीन शहरं विचारणारा.

पहिल्या जागी मुंबई लिहा, त्यात संकोच नको. खरा निर्णय दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेचा आहे. आपली मुलं तिथे पुणे, गोवा, अहमदाबाद लिहितात, कारण नकाशावर ती जवळ दिसतात. माझा सल्ला याच्या उलट आहे. लहान बेसवर माणसं कमी, त्यामुळे हालचाल कमी. तिथून कुणाला मोकळं करायचं तर आधी तिथे बदली माणूस यावा लागतो, आणि लहान बेसवर स्वखुशीने येणारे मोजकेच. पुण्याचा लोहगाव विमानतळ तर हवाई दलाचा तळ आहे, नागरी वाहतुकीला तिथे आधीच मर्यादा आहेत. उलट दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद अशा मोठ्या बेसवर दर महिन्याला माणसं येतात-जातात, कमांडच्या जागाही जास्त निघतात, आणि मुंबईला दिवसभर विमानं असतात. पुण्याहून घरी यायला रस्ता आहे हे खरं, पण एक्सप्रेसवेवर शुक्रवारी संध्याकाळी अडकलेल्यांना विचारा.

हिंदी येतं म्हणून दिल्ली की हवा चांगली म्हणून बंगळुरू, हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त बेस मोठा आणि वाढता असू द्या.

पायरी ७ : दुसऱ्या शहरात बेस मिळाला तर

बहुतेकांना मिळतो. घाबरायचं कारण नाही, पण पहिल्या महिन्यातच काही गोष्टी मनाशी पक्क्या करा.

नव्या एफडीटीएल नियमांनुसार आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर आली आहे आणि तीत दोन स्थानिक रात्री असाव्या लागतात. रात्रीची व्याख्या आता बारा ते सकाळी सहा अशी आहे. हे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा देशाला कळलं की वैमानिकांची संख्या आणि वेळापत्रक यांचा मेळ किती नाजूक असतो. घरापासून लांब असलेल्या वैमानिकासाठी या ४८ तासांचा अर्थ अगदी साधा आहे: आता घरी जाऊन येता येतं. जेमतेम, पण येतं.

ते कसं होतं ते पाहा. बेस बंगळुरू धरू. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला तुमचं शेवटचं सेक्टर संपलं. साडेनऊच्या मुंबई फ्लाइटचं सबलो तिकीट, म्हणजे सीट रिकामी राहिली तरच बसायचं. शुक्रवार, त्यात जोडून सुट्टी, लोड फुल. तुम्ही युनिफॉर्म बदलून, बॅग घेऊन काउंटरपाशी उभे. तुमच्याआधी दोन जणांची नावं यादीत. काउंटर बंद होताना एक सीट निघते, ती तुमच्यापेक्षा सीनियर असलेल्या कॅप्टनला जाते. नंबर इथेही गाठतोच. पुढची फ्लाइट पहाटे. म्हणजे रात्र गेली. शनिवारी सकाळी घरी, आईच्या हातचं जेवण, थोडी झोप. आणि सोमवारी पहाटे रिपोर्टिंग असेल तर रविवारी संध्याकाळचंच विमान पकडायला हवं, सोमवारी पहाटेचं नाही. त्या पहाटेच्या विमानावर भरवसा ठेवून राहिलेल्यांची नावं क्रू कंट्रोलला चांगली माहीत असतात.

कंपनीने सांगून पाठवलं तर तो प्रवास पोझिशनिंग, आणि तो ड्युटीत मोजला जातो. तुम्ही स्वतःच्या हौसेने किंवा गरजेने केलेला प्रवास मोजला जात नाही. दमलेल्या अवस्थेत कॉकपिटमध्ये येऊन बसलात तर जबाबदारी तुमची, आणि मागे बसलेल्या पावणेदोनशे-दोनशे माणसांचं काय ते मी सांगायची गरज नाही. घरची ओढ कितीही असली तरी झोप कापून प्रवास करू नका. आणि होम स्टँडबाय, म्हणजे घरीच पण बोलावण्यासाठी तयार राहायची ड्युटी, असेल त्या दिवशी बेसवरच राहा. बोलावलं की ठरलेल्या वेळात विमानतळावर पोचावं लागतं.

विमानतळाजवळ दोघा-तिघांत मिळून घर घ्या. दिल्लीत द्वारका किंवा महिपालपूर, बंगळुरूत येलहंका-हेब्बाळची बाजू, हैदराबादला शमशाबादकडचा भाग. पहिल्या वर्षी स्वतंत्र फ्लॅट, स्वतंत्र फर्निचर यांत पैसे घालू नका.

रजेबद्दल एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. रजेचा कोटा बहुधा बेसनिहाय असतो. मुंबई बेसवर गणपतीत रजा मागणाऱ्यांची झुंबड असते. कोलकात्याच्या बेसवर गणपतीची रजा त्यामानाने सहज मिळते, दुर्गापूजेची मिळत नाही. बाहेरच्या बेसवर असताना निदान गौरी-गणपतीला घरी असाल, मुंबई मिळाल्यावर कदाचित नसाल.

पायरी ८ : बदलीचा अर्ज पहिल्या शक्य दिवशी टाका

लाइन रिलीजनंतर किती काळाने अर्ज करता येतो ते विचारा आणि त्या दिवशी करा. काही कंपन्या बदल्या सिनिऑरिटीने देतात, काही अर्जाच्या तारखेने. दुसरी पद्धत असेल तर महिनाभर टाळाटाळ केली की महिनाभराचे अर्ज तुमच्या पुढे गेले. तोंडी सांगू नका, चीफ पायलटच्या कानावर घातलं म्हणजे अर्ज झाला असं होत नाही. पोर्टलवर टाका, पोचपावतीचा ईमेल जपा, आणि अर्जाला मुदत असेल तर ती संपण्याआधी नूतनीकरण करा.

तात्पुरती मुंबई मिळाली, महिना-दोन महिन्यांसाठी, तर जरूर घ्या, पण तो बेस बदल नव्हे आणि तुमचा रांगेतला क्रम त्याने हलत नाही. आपसात अदलाबदल चालते का तेही विचारा. दिल्लीचा मुलगा मुंबईत अडकलेला असतो आणि मुंबईचा दिल्लीत, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. घरात गंभीर आजारपण असेल तर सहानुभूतीच्या आधारावरची तरतूद बहुतेक ठिकाणी असते. तिचा उपयोग खऱ्या गरजेलाच करा, कारण तिथे तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी आधी जाणार असता.

ऑफर आली की नाकारू नका. काही ठिकाणी नकार दिला की नाव यादीच्या तळाला जातं.

पायरी ९ : मुंबई मिळाल्यावर घर कुठे

पहाटे पाचचं रिपोर्टिंग म्हणजे डोंबिवलीहून साडेतीनच्या सुमाराला निघणं. त्या वेळेला लोकलच्या भरवशावर राहता येत नाही. कंपनीची गाडी किती अंतरापर्यंत येते, त्या हद्दीबाहेर राहिलात तर काय, हे घर घेण्याआधी विचारा. अंधेरी पूर्व, मरोळ, चकाला, विलेपार्ले इथे क्रू गर्दी करून राहतो तो याचसाठी. भाडी त्याच हिशेबाने असतात. टर्मिनल १ आणि टर्मिनल २ यांची प्रवेशद्वारं वेगवेगळ्या बाजूंना आहेत, सकाळी नऊच्या ट्रॅफिकमध्ये एकीकडून दुसरीकडे जाणं सोपं नाही. मेट्रो ३ ची दोन्हीकडे स्टेशनं झाली आहेत, दिवसाच्या ड्युटीला तिचा मोठा आधार आहे.

नवी मुंबईमुळे नवा प्रश्न उभा राहिला आहे. सांताक्रूझ-सहारचा विमानतळ आणि उलव्याचा विमानतळ, कंपनी हे दोन्ही एकाच बेसमध्ये धरते की वेगळे? एकच धरत असेल तर आज इथून आणि उद्या तिथून रिपोर्टिंग लागू शकतं. एका ठिकाणी ड्युटी सुरू होऊन दुसरीकडे संपली तर परतीची गाडी कुणाची, आणि तो वेळ कशात मोजतात? ठाणे, डोंबिवली, पनवेल, खारघरच्या मंडळींसाठी नवी मुंबई बेस वरदान ठरेल. बोरिवली-विरारकरांसाठी तो दुसऱ्या गावचा बेस आहे. याचं उत्तर लेखी मिळेपर्यंत अंधेरीत घर विकत घेऊ नका.

पायरी १० : कमांड की मुंबई?

हा प्रश्न प्रत्येकाला एकदा पडतो. एटीपीएलसाठी, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या वरच्या लायसन्ससाठी, १५०० तास लागतात, कमांडसाठी कंपनीची अट सहसा त्याहून बरीच जास्त असते. तुमचा नंबर येतो आणि हातात एटीपीएल नसेल तर मागचा पुढे जातो, म्हणून परीक्षा आणि कागद तास भरण्याच्या आधीच उरकून ठेवा.

आता समजा तुम्ही मुंबईत फर्स्ट ऑफिसर आहात, घर बसलंय, आणि कमांडची जागा निघते कोलकात्याला. मुंबईत कॅप्टनची जागा कधी निघेल याचा भरवसा नाही. माझं मत स्पष्ट आहे: घ्या. कॅप्टनांची यादी वेगळी असेल तर तुमचा तिथला नंबर कमांड मिळाल्यापासून सुरू होतो, आणि मुंबईत थांबून राहिलेल्या प्रत्येक महिन्याला कुणीतरी त्या यादीत तुमच्या वर चढत असतो. पैशातला फरकही मोठा. अपवाद खरे आहेत. बायकोची किंवा नवऱ्याची न हलणारी नोकरी, दहावीतलं मूल, अंथरुणाला खिळलेले वडील. तिथे नंबराचा विचार बाजूला ठेवून नकार देणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण नकार देण्याआधी विचारून घ्या की एकदा नाकारलं तर पुन्हा कधी बोलावतील, आणि नाकारल्याने नंबर खाली जातो की फक्त ती फेरी हुकते.

आणि कमांड घेतलीत तर लक्षात ठेवा की फर्स्ट ऑफिसर म्हणून टाकलेला कुठलाही बदलीचा अर्ज कॅप्टनच्या यादीत बरेचदा आपोआप जात नाही. लाइनवर कॅप्टन म्हणून रिलीज झाल्याचं पत्र येईल, त्याच दिवशी पोर्टल उघडा आणि मुंबईचा नवा अर्ज टाका.